पेशींना दाखवलेला धूप

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या प्रयोगशाळेत एखादं रसायन किती विषारी आहे हे ठरवायला ते माशांच्या टाकीत सोडत आणि मेलेले मासे मोजत. मला हा प्रकार बंद करायचा होता. माशांच्या कल्ल्यांच्या पेशी प्लेटमध्ये वाढवून हीच परीक्षा त्यांच्यावर घेता येते का, ते मी तपासत होते. रसायनं ओळखीचीच, कशाने मासे मरतात हे आधी ठाऊक असलेली. पेशींनी तेच सांगितलं तर मासे सुटणार होते.

टाकी सांभाळणारे काका पोलादपूरकडच्या एका वाडीतले. माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त घाई. सुकटीशिवाय घास उतरत नाही, आणि टाकीतल्या माशांसाठी जीव तुटतो! चिडवलं की म्हणत, "खायला मारणं निराळं हाय, मॅडम. बघत बसायला मारणं निराळं."

खंडेनवमीला मी गावी होते. परत येऊन बघते तर पेशी वाढवायच्या इन्क्युबेटरला झेंडूची माळ, हळदकुंकू, आणि आतल्या पेशी सगळ्या मेलेल्या. रसायन न घातलेल्यासुद्धा! विष न देताच मेल्या, तर परीक्षा कसली? दार उघडताच धुपाचा वास आला.

"आत धूप कोणी दाखवला?" मी ओरडलेच.

"मी," काका म्हणाले. "आत जिवंत हायत, असं तुम्हीच बोललात ना? मग त्यांना बाहेरूनच ओवाळायचं? पास होऊ देत म्हणून मागणं पण घातलं."

या माणसावर रागवायचं तरी कसं? प्रयोगशाळेचे साहेब मात्र म्हणाले, पेशींचा भरवसा नाही, टाकीच चालू ठेवा. तेव्हा काका स्वतःच त्यांच्या खोलीत गेले. "चूक माझी हाय, सायेब. माशांना कशाला शिक्षा?"

साहेबांनी आणखी एक संधी दिली.

या खेपेला पेशींचं आणि माशांचं बहुतेक ठिकाणी जुळलं. फक्त मज्जातंतूंवर परिणाम करणाऱ्या विषांत पेशी ठणठणीत राहिल्या. त्या पडल्या कल्ल्यांच्या, त्यांना ते दुखणं कुठून कळणार? अशा रसायनांना मासेच लागतील, असं मी अहवालात लिहिलं. लिहिताना फार वाईट वाटलं. पण खोटं लिहून ते विष कारखान्यांतून सावित्री नदीत जाऊ द्यायचं होतं का?

काकांनी विचारलं, "सगळं मासं सुटलं?"

"बरेच. सगळे नाय, काका."

ते टाकीकडे बघत राहिले. "मंग त्या दिवसाला मला रजा द्या."

तसं रसायन आलं, त्या दिवशी काकांना रजा दिली आणि मेलेले मासे काढायला टाकीत जाळी मी घातली.