स्लीपवर ठेवलेला आवाज

बाबांच्या घशातला कॅन्सर काढताना स्वरयंत्रही काढावं लागणार, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला सातवा महिना चालू होता. माझ्या बाळाला आजोबांचा आवाज कधीच ऐकायला मिळणार नाही, या विचाराने जीव नुसता कासावीस झाला. मी डोंबिवलीला माहेरी आले, माझ्या जुन्या लॅपटॉपला चांगला माइक लावला आणि म्हटलं, "बाबा, बोला. काय वाट्टेल ते बोला."

बाबा बोलले. खडवलीच्या नदीत त्यांना पोहायला कसं ढकलून दिलेलं, वागळे इस्टेटच्या कारखान्यात पहिल्याच दिवशी त्यांचा डबा कुणी कसा फस्त केला. मध्येच बाळाला दम भरला, "आईला छळलंस तर माझ्याशी गाठ आहे!" चहाला म्हणून थांबलो, तोच ठाण्याच्या हॉस्पिटलातून फोन आला. बेड रिकामा झालाय, आत्ता या, नाहीतर दुसऱ्याला देऊ. मी लॅपटॉपचं झाकण मिटलं नि बाबांना घेऊन खाली रिक्षात बसले. आई घराला कुलूप लावून मागून आली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी कपडे न्यायला घरी आले आणि आधी लॅपटॉप उघडला. पडदा काळा. भिंतीवरचं बटण लावून तो चालू केला तर मेला पहिल्यापासून सुरू झाला, स्वच्छ, कोरा. रेकॉर्डिंग नव्हतंच.

दिवसभर लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करणारी बाई मी, काय झालंय ते मला लगेच कळलं. झाकण मिटलं की यंत्र स्लीपमध्ये जातं. सेव्ह न केलेलं अर्धवट काम मेमरीत तसंच राहतं, पण त्या मेमरीला सतत थोडी वीज लागते. हायबरनेट केलं असतं तर सगळं डिस्कवर उतरलं असतं, मग वीज गेली तरी फिकीर नाही. पण तो पर्याय मेनूत दिसतच नाही, आपण हुडकून चालू करायचा! आणि या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच बसलेली, तो चालायचा फक्त चार्जरवर. भिंतीवरचं बटण मी येईपर्यंत बंद होतं.

आईला फोन लावला. "बटण तू बंद केलंस?"

"हो, फ्रिज सोडून सगळी. घर बंद करताना चालू ठेवतात का कुणी?"

मी इतकी ओरडले की शेजारच्या काकू दारात आल्या. मग एकेक फोल्डर उपसत बसले. रडत होते, देवाला शिव्या घालत होते, पुन्हा शोधत होते. काही म्हणजे काही उरलं नव्हतं. आवाज अजून बाबांच्या गळ्यात आहे, हे डोक्यात आलं तशी मी मोबाइल घेऊन धावले.

पोचले तेव्हा त्यांना स्ट्रेचरवर घेतलं होतं. आई भिंतीला टेकून डोळे पुसत होती. बाबांनी मला खुणेने जवळ बोलावलं. आवाज घोगरा, पण त्यांचाच.

"तिला ओरडू नकोस गं. बटणं बंद करून निघायचं, हे लग्न झाल्यापासून मीच तिच्या डोक्यात भरवलंय. आणि बाळाला तू सांग सगळं. माझ्यापेक्षा तू बरी सांगशील."

मी नुसती मान हलवत राहिले. वॉर्डबॉयने स्ट्रेचर ढकललं. "येतो," बाबा म्हणाले, आणि दार लागलं.

मोबाइल सगळा वेळ माझ्या हातात होता. रेकॉर्डिंग चालू करायचं मला सुचलंच नाही.