शरयूमॅडम आणि दुसरं मशीन

डॉ. शरयू टिपणीस यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते अबू धाबीतल्या अल रीम आयलंडवरच्या त्यांच्या टॉवरखाली. मी तेव्हा एका ट्रॅव्हल कंपनीत ड्रायव्हर होतो. ऑफिसमधून एवढंच सांगितलं होतं की एक वयस्कर मॅडम आहेत, रास अल खैमाला न्यायचं आणि परत आणायचं. त्या एका हातात घडीचं स्टूल आणि दुसऱ्या हातात थर्मास घेऊन उभ्या होत्या. मी अदबीनं मागचा दरवाजा उघडला, तर त्या पुढे येऊन बसल्या. म्हणाल्या, "मागे बसले की मला झोप लागते, आणि तुम्हाला बोलायला कोणी राहत नाही." मी वसईकडचा, हे त्यांनी माझ्या दुसऱ्याच वाक्यावरून ओळखलं. अबू धाबी सुटायच्या आत माझ्या 'अल्विन'चं 'अहो अल्विन' झालं होतं आणि शारजा येईपर्यंत 'अहो' गळून 'अरे' झालं होतं.

मॅडमना यंदा पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्या अभ्यासावर या गौरवग्रंथात मोठमोठ्या माणसांनी लिहिलं असेल. मी नववी नापास. ग्रंथाच्या कमिटीनं म्हटलं, तू त्यांची गाडी चार वर्षं चालवलीस, तूही लिही. गाडीतून जेवढं दिसलं तेवढंच मला सांगता येईल. पण त्यात एक गोष्ट अशी आहे की ती माझ्याशिवाय दुसरं कोणी सांगू शकत नाही, आणि ती न सांगितल्यामुळे मॅडमना बोल लागलाय.

मॅडमचं माहेर मुरुडकडचं. लहानपणी जंजिरा समोर दिसायचा. तिथले सिद्दी आफ्रिकेतून आले, एवढंच शाळेत शिकवलं. ते आपल्याबरोबर काय घेऊन आले, काय गात होते, हे कोणी शिकवलं नाही. पुढे मिस्टरांच्या नोकरीमुळे त्या इकडे आखातात आल्या, ऊद मेथा भागातल्या एका शाळेत इतिहास शिकवू लागल्या, आणि त्यांच्या लक्षात आलं की त्याच समुद्रातून, तसल्याच जहाजांतून आणलेल्या माणसांची नातवंडं-पतवंडं इथेही आहेत. इथले नागरिक आहेत, अरबी बोलतात, पण काही घरांत ढोल आणि गाणी अजून आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची आहेत. रिटायर झाल्यावर मॅडम त्या घरांच्या मागे लागल्या. मागे लागल्या म्हणजे काय, तर जाऊन बसू लागल्या.

त्यांची पद्धत ठरलेली. पहिल्या तीन भेटी नुसत्या बसण्याच्या. वही नाही, मशीन नाही. चौथ्या भेटीत विचारायचं. 'हो' म्हणाले तर रेकॉर्डिंग, आणि झाल्यावर उठायच्या आत सगळं रेकॉर्डिंग गाणाऱ्याला ऐकवायचं. मग विचारायचं, ठेवू का? 'नको' आलं तर त्यांच्यासमोर पुसायचं. मला हे वेड वाटायचं. इतकं पेट्रोल जाळून यायचं आणि पुसून जायचं? एकदा बोललोच. तेव्हा मॅडम म्हणाल्या, "या लोकांच्या पूर्वजांना कोणी विचारून नेलं नव्हतं. निदान गाणी तरी विचारून न्यावीत."

माझा स्वभाव एका जागी टिकणारा नाही. मॅडमकडे येईपर्यंत मी सहा नोकऱ्या सोडल्या होत्या. बसलो तरी पाय हलत राहतो. मॅडम म्हणायच्या, "तू इंजिन बंद करतोस, पण तुझा पाय चालूच असतो." तसल्या मला त्यांनी हातात वही दिली. घरात कोण कोण होतं, कॉफी कोणी दिली, कुठल्या प्रश्नाला लोक गप्प झाले, हे सगळं परत येताना गाडी थांबवून लिहायचं. माझं शुद्धलेखन त्या कधी सुधारत नसत, फक्त विचारायच्या, "इथे तू 'म्हातारी रागावली' लिहिलंयस. रागावली की घाबरली? नीट आठव." शाळेत मला कोणी 'नीट आठव' म्हटलं नव्हतं. नुसतं 'पाठ कर' म्हणायचे.

रास अल खैमाला ज्यांच्याकडे आम्ही जात होतो ते खमीसबाबा. सत्तरीचे, जुन्या बंदरावर काम केलेले, त्यामुळे हिंदी फाडफाड. ते तंबुरा वाजवायचे. आपला तंबोरा नव्हे. हे सहा तारांचं, खाली कातड्याचं भांडं असलेलं मोठं वाद्य, आणि त्याच्याबरोबर एक जण बकऱ्यांच्या खुरांचा पट्टा कमरेला बांधून नाचतो. पहिल्या भेटीत माझी फजिती झाली. अरबी कॉफीचा छोटा कप पुरे झाला की जरासा हलवायचा असतो, नाहीतर देणारा ओततच राहतो. मला माहीत नव्हतं. मी नऊ कप प्यायलो. बाबा मॅडमना म्हणाले, "ये तुम्हारा ड्रायव्हर है या टँकर?" त्या दिवसापासून माझं नाव टँकर.

आता ती गोष्ट.

मॅडमचा नियम होता की मशीन दोन हवीत, कारण एक कधीतरी दगा देतं. पहिलं त्यांचं, स्टुलावर. दुसरं म्हणजे माझा मोबाइल, माझ्या ताब्यात. चौथ्या वर्षी बाबांनी एका दुपारी आम्हाला बोलावलं. त्यांच्या घरातली एक बाई फार दिवस आजारी होती आणि तिच्यासाठी तंबुऱ्यावर गाणं होणार होतं. हे गाणं एरवी गात नाहीत. आजारी माणूस समोर बसलेला असतो, त्याच्यासाठीच ते असतं. बाबांनी रेकॉर्डिंगला हो म्हटलं. तारांना उदाचा धूर दिला आणि गाणं सुरू झालं. तासभर चाललं. त्या तासात माझा पाय हलला नाही. हे मला नंतर कळलं, उठलो तेव्हा पायाला मुंग्या आल्या होत्या.

मॅडमनी नेहमीप्रमाणे बाबांच्या कानाला हेडफोन लावला. अर्ध्यावर त्यांनी तो काढला. म्हणाले, "इसमें बाई का नाम आ गया. घर के बाहर नहीं जाएगा. खलास करो." मॅडमनी त्यांच्यासमोर बटण दाबलं. मग माझ्याकडे वळल्या.

"अल्विन, दोन्ही पुसलं ना?"

मी म्हणालो, "हो मॅडम, दोन्ही."

मी पुसलं नव्हतं. असं काही आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं होतं आणि ते माझ्याजवळ असावं असं वाटलं. वाईट करायचं मनात नव्हतं. पण मनात काय होतं याला अर्थ नाही. कामगारांच्या कॅम्पवर, जिथे मी राहायचो, तिथे मी ते इअरफोनवर ऐकायचो. रूममधल्या एकानं विचारलं, सारखं काय ऐकतोस? मी त्याला पाठवलं. त्यानं ते एका चावट व्हिडिओखाली लावून नेटवर टाकलं. आठ दिवसांत ते फिरत फिरत बाबांच्या घरात पोहोचलं. त्या बाईच्या नावासकट.

मॅडमचा फोन आला. त्यांनी आवाज चढवला नाही. तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि मी पुन्हा तेच उत्तर दिलं. वर आणखी म्हणालो, तुमच्या मशीनमध्येच काहीतरी राहिलं असेल. त्या म्हणाल्या, गाडी काढ. अडीच तासांत थर्मास उघडला नाही. बाबा दारातच उभे होते. मॅडम म्हणाल्या, "मशीन मेरा, काम मेरा, गलती मेरी." मी दोन पावलं मागे होतो. तोंड उघडायला तेवढं अंतर पुरे होतं, पण मी उघडलं नाही. बाबा एवढंच म्हणाले, "मॅडम, तुम घर का था." आणि दार लावलं. हळूच लावलं.

मग मी महिन्याभरात नोकरी बदलली. आता रुवैसला रिफायनरीची शिफ्टबस चालवतो. मॅडमचं पुस्तक आलं तेव्हा मला आमंत्रण होतं. ऊद मेथाच्या हॉलमध्ये मागच्या रांगेत बसलो. त्या पुस्तकाचं सातवं प्रकरण एकाच पानाचं आहे. त्यात लिहिलंय की असं एक गाणं आहे, ते आपण ऐकलं, पण त्याबद्दल लिहायची परवानगी आता आपल्याकडे नाही. समारंभाचे प्रमुख पाहुणे म्हणाले की एवढ्या वर्षांच्या कामात हे पान म्हणजे शेवटी दमून टाकलेलं पाऊल वाटतं. लोक हसले. मॅडम पाणी प्यायल्या. मी घरी जाऊन पुस्तक उघडलं, तर आभारांच्या पानावर माझं नाव: 'दुसरं मशीन ज्यांनी सांभाळलं ते अल्विन.'

मॅडम दमल्या नव्हत्या. ते पान मी कोरं केलं. हे मला या ग्रंथात छापून हवं आहे.

लिहायला बसायच्या आधी मी मॅडमकडे गेलो. नातवानं दार उघडलं आणि आत ओरडला, "आजी, समवन फॉर यू." मॅडमनी चहा केला. मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं रागावतील किंवा जाऊ दे म्हणतील. दोन्ही झालं नाही. "बाबांना सांगितलंस?" मी नाही म्हणालो. "मग आधी तिकडे जा. माझ्याकडे काय मागतोयस?" जाताना दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "चहा तसाच ठेवलास."

गेल्या शुक्रवारी गेलो. बाबांना मध्ये लकवा झाला, हे मला माहीत नव्हतं. उजवा हात मांडीवर पडलेला. तंबुरा कोपऱ्यात, कापडाखाली. वाजवणारे बाकीचे पांगले. बाबांनी मला ओळखलं, "टँकर" म्हणाले. मी सांगितलं. त्यांनी डाव्या हातानं कॉफी ओतली, थोडी सांडली. पुसायला मी पुढे झालो तर नको म्हणाले. मग अडखळत, एकेक शब्द करत बोलले. "जिधर झूठ बोला, उधर सच बोलो. मॅडम के लोग के सामने." मी म्हणालो, बोलेन. पुढे म्हणाले, "मॅडम को लाओ." आणि कोपऱ्याकडे बघून, "गाना तो गया."

ते गाणं गाणारं आता कोणी उरलं नाही. मी माझ्या मोबाइलमधलं पुसलं त्याला तीन वर्षं झाली. जेव्हा पुसायचं होतं तेव्हा पुसलं नाही, आणि पुसलं तेव्हा त्याचा कोणाला उपयोग उरला नव्हता. मात्र दार उघडं आहे.

मॅडमच्या पद्धतीनं पहिल्या तीन भेटी नुसत्या बसण्याच्या. बाबा हळू बोलतात, मॅडमचे गुडघे दुखतात, मला रुवैसहून महिन्यात एकच सुट्टी मिळते. म्हणजे चौथी भेट यायला वेळ लागणार, आणि त्यानंतर विचारायचं पुष्कळ राहिलं आहे. त्या सगळ्या भेटींना पुरेल एवढं आयुष्य मॅडमना मिळो, आणि तेवढे दिवस पुढच्या सीटवर ताठ बसता येईल अशी तब्येत मिळो, एवढंच देवाकडे मागतो. गाडी माझी आहे. थर्मास आणि स्टूल त्यांनी आणावं. माझा मोबाइल मी गाडीतच ठेवणार आहे.