येऊन रायलो

अमावस्या, चिंचेचं झाड, पांढरं लुगडं... असलं काही कोणी सांगायला लागलं की मी त्याची उलटतपासणी घेतो. जन्मभर अमरावतीच्या कोर्टात वकील म्हणून दुसरं केलं काय? त्यामुळे आज साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मीच उभा आहे असं वाटतंय. पण गोष्ट भर दुपारची आहे, आणि मी या कानांनी ऐकलेली आहे.

बासष्ट-त्रेसष्ट साल असेल, आम्ही कॉलेजात होतो. त्याच्या कितीतरी आधी, दुसऱ्या महायुद्धापूर्वी, अमरावती ते मूर्तिजापूर सायकलींची रेस व्हायची. भर उन्हाळ्यात, तीही दुपारी! उन्हात टिकेल तो खरा गडी, असा तेव्हाचा हिशेब. माझा मित्र मनोहर, त्याचे वडील बापूराव ती रेस जिंकलेले. पण घरात त्या कपाचं नाव काढायची सोय नव्हती, कारण त्याच रेसमध्ये त्यांचा थोरला भाऊ गेला. दोघं बरोबर होते. वाटेतल्या कुरुम गावाच्या अलीकडे भाऊ मागे पडला आणि ओरडून काहीतरी बोलला. वाऱ्यात बापूरावांना शब्द कळले नाहीत. आणि रेसवाल्यांचा कायदा एकच – मांगं पाहिलं का गेला. त्यांनी पाहिलं नाही. भावाला ऊन लागलं, तो रस्त्यातच संपला. तो आपल्याला 'थांब' म्हणाला असणार, हे बापूरावांच्या मनानं घेतलं ते घेतलंच. पुन्हा सायकलीला हात लावला नाही. शेतात जायचं तरी पायी.

मनोहरला तो रस्ता एकदा त्याच वेळेला सायकलीनं मारून पाहायचा होता. मूर्तिजापूरला वडिलांना नुसतं कळवलं, मित्रांना घेऊन येतो म्हणून. मनोहर, कॉलेजचे दोन मित्र, मी, आणि माझ्या बहिणीचे यजमान – सुट्टीला आलेले पुण्याचे भाऊजी. आमच्या उन्हाला आणि आमच्या भाषेला, दोन्हींना नाक मुरडणारे! त्यांना ही जुनी गोष्ट कोणी सांगितली नव्हती.

बडनेरा सुटलं आणि रस्ता मोकळा झाला. दोन्हीकडे नांगरलेलं काळं रान, चिटपाखरू नाही. मनोहर पार पुढे, मग ते दोघं, मग मी, आणि शेवटी भाऊजी. कुरुमच्या अलीकडे मागून स्वच्छ आवाज आला, "हो पुढं, मी येऊन रायलो." मला हसू आलं. भाऊजी आमची नक्कल करून राहिले, असं समजून मी पुढे निघालो.

मूर्तिजापूरला बापूरावांच्या ओसरीवर पन्हं पिता पिता मी भाऊजींना छेडलं – चांगली जमली हो तुम्हाला वऱ्हाडी. तर ते माझ्याकडेच बघायला लागले.

"मी कशाला बोलू? माझ्या मागे होता कोणीतरी. चेनचा आवाज येत होता. म्हणाला, 'बाप्या, हो पुढं, मी येऊन रायलो.' वळून पाहिलं तर रस्ता रिकामा! आता हा बाप्या कोण? आणि येऊन राहिला, म्हणजे राहिला कुठे?"

मनोहर डोळ्यांनी खुणा करत होता, पण उशीर झाला होता. बापूरावांनी हातातला तांब्या खाली ठेवला. कुठं ऐकलं, एवढंच विचारलं. भाऊजींनी कुरुमचं नाव घेतलं. बापूरावांनी ते शब्द त्यांच्याकडून परत म्हणवून घेतले.

मग म्हणाले, "रायला नाई जावाईबापू. आमच्याकडं येऊन रायलो म्हणजे... येतोच आहे."

खांद्यावरचा दुपट्टा ओढून घेतला.

"थांब नाई म्हणला तो," असं स्वतःशीच बोलले, आणि दुपट्ट्यात तोंड घालून रडले. मला सांगायला लाज नाही, माझेही डोळे भरले.

मनोहरनं नंतर आईला विचारलं. बापूरावांना बाप्या म्हणणारा एकच माणूस होता, आणि तो तर कधीच गेलेला.

आता माझीच उलटतपासणी. बाप्या काय, गावोगावी दहा सापडतील. कुणी शेतातून आपल्या बाप्याला हाक मारली असेल. पण मग ते रान रिकामं कसं? ती चेन कोणाची? आणि 'येऊन रायलो'चा अर्थच ज्याला ठाऊक नाही, तो पुणेकर ते जुळवून कसं सांगेल? 

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर अंगणात मनोहरची सायकल नव्हती. चोरीला गेली म्हणून आम्ही शोधायला लागलो, तेव्हा काकू, म्हणजे मनोहरची आई, चुलीपासूनच म्हणाल्या, "चोरली गिरली नाई. हे वावरात घेऊन गेले."