दुसऱ्याच्या वाट्याचे काम

सोमवार, सकाळी सात: सिंगापुरातील क्लेमेंटी भागात, आमच्या इमारतीजवळच्या हॉकर सेंटर नावाच्या खाद्यमंडईतील अकरा टेबले पुसण्यात आली. जबाबदार व्यक्ती: माझे व्याही. बुधवार, सकाळी सात: उरलेली सर्व टेबले पुसून खुर्च्याही एका रेषेत लावण्यात आल्या. जबाबदार: तेच. शुक्रवार: सफाई कंत्राटदाराचा सुपरवायझर आला, चकचकीत टेबले पाहून प्रसन्न झाला आणि सकाळच्या पाळीला टेबले पुसणाऱ्या वृद्ध आंटीला त्याने पुढच्या सोमवारपासून येऊ नये असे सांगितले. जबाबदार: सुपरवायझर, कंत्राटदार आणि, लिहिताना हात जड होतो, पुन्हा माझे व्याही.

माझ्या व्याह्यांइतका कामाला चटावलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसावा. माझा मुलगा व त्यांची मुलगी येथे नोकरी करतात. आम्ही दोघे विधुर त्यांच्या फ्लॅटमधील एकाच खोलीत, परस्परांचे घोरणे सोसत राहतो. मी पुण्याच्या कामगार न्यायालयात उभा जन्म कारकुनी केली. ते अमेरिकेत, मिशिगनमधील गिअरच्या कारखान्यात तीस वर्षे मशीनवर उभे होते. पाळी सातला सुरू होई. हे पावणेसातला हजर. त्या पंधरा मिनिटांत मशीन पुसायचे, तेल घालायचे आणि मगच हजेरीचे कार्ड पंच करायचे. त्या पंधरा मिनिटांच्या पगारावर त्यांचा कायदेशीर हक्क होता, हे मी त्यांना सविस्तर समजावले. "अहो वकीलसाहेब," ते म्हणाले (मी वकील नाही, हे त्यांना पक्के ठाऊक आहे), "तुम्ही देवपूजेचा ओव्हरटाइम मागता का?"

कारखाना सुटला, पण हातांना ते कोणी कळवले नाही. दुपारी मी पडलो असताना माझ्याच खाटेचे स्क्रू त्यांनी खालून आवळले. मी भूकंप समजून उठलो. पुलाउ उबीन बेटावर सायकली भाड्याने घ्यायला गेलो, तर दुकानातल्या साखळ्या कोरड्या दिसल्या. त्यांनी तेलाची बुधली मागून घेतली. चौदाव्या साखळीला तेल घालून होईपर्यंत परतीच्या होडीची वेळ झाली. बेट कसे आहे ते मला कोणी विचारू नये.

युनियन हा शब्द मात्र त्यांना मिरचीसारखा झोंबे. "ज्याला काम येत नाही त्याला युनियन लागते," हे त्यांचे ठरलेले वाक्य. कारखान्यात युनियन आणावी की नाही यावर मतदान झाले, तेव्हा त्यांनी विरोधात मत दिले. मत गुप्त ठेवण्याचा अधिकार असूनही जेवणाच्या खोलीत सर्वांना सांगून दिले. युनियन हरली. लिफ्ट, गळणारा पाइप, बसथांब्यावरचे मोडके बाक यांविषयी मी जी पत्रे लिहितो, त्यांना ते "रडगाणे" म्हणत.

आता प्रस्तुत प्रकरण. येथील कायदा स्वतःचा ट्रे स्वतः परत करायला सांगतो. दुसऱ्याच्या टेबलाविषयी तो मौन बाळगतो. हे मी त्यांना पहिल्याच दिवशी बजावले होते. आंटीनेही तिच्या सिंगापुरी इंग्रजीत बजावले. "अंकल, नो नीड लाह. दिस वन माय जॉब." पण आपल्याकडे जेवणाऱ्याने "नको" म्हटले की वाढणारा आणखी एक पोळी वाढतो. व्याह्यांनी तिचा नकार तसाच घेतला. ती नको म्हणाली की हे आणखी एक टेबल पुसत.

त्या पुढच्या सोमवारी ती दिसली नाही. कॉफीवाल्याने कप ठेवता ठेवता सांगितले, "मॉर्निंग ऑलरेडी सो क्लीन, सुपरवायझर से नो नीड हर." व्याही ओले फडके हातात घेऊन उभेच राहिले. मी त्यांना इमारतीखालच्या बाकावर आणून बसवले.

तेथे ते म्हणाले, "माझ्या शेजारच्या मशीनवर एक जण होता. युनियनसाठी माझं मत मागायला तोच आला होता. पुढे तो आजारी पडला. तेव्हा मी दोन्ही मशीनं चालवली. उपकार म्हणून हो! महिनाभर. एक तुकडा बाद गेला नाही."

"मग?"

"मग साहेब म्हणाले, दुसरा माणूस हवाच कशाला? मला शाबासकी मिळाली, त्याला घरी जायची चिठ्ठी." ते फडके पिळू लागले; त्यात पाणी उरले नव्हते. "तो आळशी होता, असं मी आजपर्यंत सगळ्यांना सांगत आलो. आळशी नव्हता हो तो."

मला न्यायालयातील असंख्य उलटतपासण्या आठवतात, परंतु प्रश्नाशिवाय दिलेली अशी कबुली मी ऐकली नव्हती. 

"लिहा," ते म्हणाले.

"काय लिहू?"

"तुमचं ते रडगाणं. कंत्राटदाराला. सह्या मी आणतो."

ज्यांनी आयुष्यात कोणाच्या अर्जावर सही केली नाही, ते व्याही टेबलाटेबलाशी जाऊन, "प्लीज साइन. शी गुड वर्कर. माय मिस्टेक," असे म्हणू लागले. कोणी सही केली, कोणी मान फिरवून नूडल्स खाल्ल्या. स्वतःच्या सहीपुढे त्यांनी ठळक अक्षरांत लिहिले: टेबले मी पुसली, तिने मला मना केले होते.

या पत्राला उत्तर नाही. दुसऱ्याला नाही. तिसऱ्यालाही नाही. मी थकलो आहे; पत्रे लिहून कधी थकलो नव्हतो, तो आता थकलो. आंटी अजूनही सकाळी येते, गिऱ्हाइकासारखी कॉफी घेऊन बसते आणि उष्ट्या टेबलांकडे पाहते. व्याही दोन टेबले सोडून बसतात. समोर सांडलेले सूप वाळत असते आणि ते दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवतात. इतका कष्टाचा उद्योग त्यांना कारखान्यातही करावा लागला नसेल.

म्हणून ही जाहीर मागणी. कंत्राटदाराने स्वतः येथे यावे आणि आंटीसमोर, चार लोकांत सांगावे: एका म्हाताऱ्याने हौसेने फडके फिरवले, म्हणून एका म्हातारीची गरज संपते, असा नियम कोणी केला? उत्तर लेखी चालणार नाही. आणि ते मोठ्याने द्यावे. तीस वर्षे मशीनशेजारी उभे राहिल्याने माझ्या व्याह्यांना हल्ली कमी ऐकू येते.