दीक्षेच्या दिवशीची तीन मिनिटं

अमेरिकेत हर्नडनला आल्यापासून दर शनिवारी फोनवर बाबांचा एकच प्रश्न असायचा, "लोक नीट वागवतात ना बेटा?" नागपुरात मुलांना इंग्रजी शिकवण्यात त्यांची उभी हयात गेली, पण स्टाफरूममध्ये त्यांचा चहाचा कप शेवटपर्यंत वेगळाच राहिला. इथे कुणी जात विचारत नाही, हे सांगून सांगून मी थकले. शेवटी म्हटलं, आता दाखवतेच.

२००८ चा ऑक्टोबर होता. धम्मदीक्षेच्या दिवशी मी खीर केली आणि शेजारच्या बाईंना बोलावलं. साठी ओलांडलेल्या, गोऱ्या, शाळेची बस चालवायच्या. मला ड्रायव्हिंग त्यांनीच शिकवलं. मी त्यांना मावशी म्हणायचे आणि त्याही त्या हाकेला ओ द्यायच्या. बाबांना दाखवायला व्हिडिओ घ्यायचा म्हणून कॅमेरा पुस्तकांच्या चवडीवर ठेवून मी चालू केला. मावशींनी बाबांना हात जोडले, माझं कौतुक केलं, मग गाडी निवडणुकीकडे वळली.

"त्या काळ्या माणसाला मी मत देणार नाही," मावशी म्हणाल्या. "त्या लोकांच्या हातात देश द्यायचा? तुझी गोष्ट वेगळी. तू त्यांच्यासारखी नाहीस."

हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये माझं आडनाव कळल्यावर मैत्रिणींनी अगदी असंच कौतुक केलं होतं. पण आपल्या घरी आलेल्या, वयाने मोठ्या बाईला, तिच्या हातात आपली वाटी असताना उलटून कसं बोलायचं? मी हसले. वर आणखी एक पळी खीर वाढली.

तेवढा भाग मला कापता आला असता. नाही कापला. खरं सांगते, लाज वाटते सांगायला, पण पुन्हा पाहताना ते मला टोचलंच नाही. मावशी मला चांगलं म्हणत होत्या ना! सायबर कॅफेत बसून बाबांना पासवर्ड जमणार नाही म्हणून तो तीन मिनिटांचा व्हिडिओ इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवला.

चार दिवसांत तो कुणाच्या तरी हाती लागला. नेमकी तेवढीच वाक्यं कापून त्यावर मथळा चढला आणि दोन्ही पक्षांचे लोक खाली शिव्यांचा रतीब घालू लागले. मी माझा व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर त्याच्या नकला भलत्याच पानांवर पोचल्या होत्या. मावशींच्या जॅकेटवर शाळेचं नाव होतं. शाळेने त्यांना घरी बसवलं.

त्या माझ्या दारात आल्या, माझा खिरीचा रिकामा डबा परत द्यायला. त्यांचे डोळे सुजले होते. "तू हसत होतीस," एवढंच म्हणाल्या. "मला वाटलं, तुला पटतंय." माझ्या तोंडून सॉरीसुद्धा निघालं नाही, कारण कशाबद्दल म्हणायचं तेच कळेना.

शनिवारी बाबांचा फोन आला. मी घाईघाईने मावशींच्या नोकरीचं सांगायला लागले, लोक किती वाईट आहेत, इंटरनेट किती वाईट आहे. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"पूर्ण पाहिला मी तो व्हिडिओ," ते म्हणाले. "तिचं जाऊ दे. बेटा, तू हासली काऊन?"

लोक नीट वागवतात का, हे त्यांनी त्यानंतर मला कधीच विचारलं नाही.