आयच्या फोटोचा फिल्टर

जगातल्या कुठल्याही वस्तूचं पोट फाडून बघितल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवू नये, असं मानणारा आणि तसंच वागणारा एकच माणूस माझ्या पाहण्यात आहे, आणि माझं नशीब असं की ते माझे साडू आहेत. म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नवीन पनवेलला राहतात, शाळेत भूगोल शिकवायचे, आता निवृत्त आहेत. पृथ्वीच्या पोटात काय काय आहे हे मुलांना इतकी वर्षं शिकवल्यामुळे त्यांना ही खोड लागली असावी, असा माझा अंदाज आहे. पुरणपोळी वाढली की ते आधी तिची कड मोडून बघतात. पुरण कडेपर्यंत गेलेलं असेल तरच तूप मागतात, नाहीतर "राहू दे, कोरडीच बरी," म्हणतात. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी त्यांना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं होतं. आम्ही फराळाचं ताट संपवून हात धुवून येईपर्यंत ते घड्याळ उघडून टेबलावर पसरलं होतं आणि साडू मला सांगत होते, "बाहेरून देखणं आहे हो, पण आतली चाकं प्लास्टिकची." मी हसलो. काय करणार? बायकोने डोळ्यांनी तशी ताकीदच दिली होती.

पण पोळी आणि घड्याळ ही झाली जाता जाता केलेली किरकोळ कामं. साडूंचा खरा जीव आहे तो गाडीच्या ऑइल फिल्टरमध्ये, आणि त्यातही स्वस्तातल्या. इंजिनातलं तेल गाळणारा तो मुठीएवढा पत्र्याचा डबा. तुम्हीआम्ही गाडी सर्व्हिसिंगला देतो, मेकॅनिक जुना फिल्टर काढतो, नवा लावतो, आपण बिल भरतो आणि विसरून जातो. साडू विसरत नाहीत. पनवेलच्या बाजारात मिळणारा प्रत्येक स्वस्त फिल्टर त्यांनी घरी आणून कापलेला आहे. "महागडा फिल्टर चांगला असतो, हे सांगायला मी कशाला हवा?" ते म्हणतात. "स्वस्तातला चांगला कुठला, ते सांगण्यात खरी परीक्षा." मी एकदा भाबडेपणाने त्यांना लोखंड कापायची करवत नेऊन दिली, तर ती त्यांनी दोन बोटांनी उचलून मला परत केली. करवतीने कापलं की लोखंडाचा भुगा आत पडतो, मग घाण मुळातली की आपण केलेली, हे कसं कळणार? त्यांच्याकडे प्लंबर लोकांचं पाइप कापायचं कटर आहे. ते डब्याभोवती हळूहळू फिरवत, एका बाजूला मान कलती करून, ते डबा असा उघडतात की बघणाऱ्याने आपोआप आवाज खाली आणावा.

कापण्याआधीचा विधी तर त्याहून मोठा. आधी डबा कानाशी धरून हलवायचा. आत काही खुळखुळलं तर कपाळाला आठी. मग नखाने रंग खरवडायचा, रबरी रिंग नाकाशी न्यायची, आणि कोणी बघत नसेल तर दाताखाली धरायची. उघडल्यावर आतला घड्याघड्यांचा कागद उन्हात धरून बघायचा, गाडी बंद झाल्यावर तेल परत जाऊ नये म्हणून असलेला रबरी पडदा बोटाने दाबायचा, आणि कागदाच्या वरखाली असलेल्या टोप्या पत्र्याच्या आहेत की पुठ्ठ्याच्या, ते टिचकी मारून ऐकायचं. मग निकाल. निकाल तीनच. पहिला, "गाडीला चालेल." हा क्वचित मिळतो. दुसरा, "शत्रूच्या गाडीला चालेल." आणि तिसरा, "कागदावर ठेवा, वाऱ्याने उडणार नाहीत." आमच्या घरातल्या वर्तमानपत्रांवर, लाइटच्या बिलांवर आणि माझ्या बायकोच्या पाककृतींच्या कात्रणांवर हा तिसऱ्या निकालातला माल बसलेला आहे. त्यांच्या सोसायटीत गॅलरीतल्या तेलाच्या वासावरून एकदा तक्रार झाली होती. ती मागे घेतली गेली, कारण तक्रार करणाऱ्यालाच त्याच आठवड्यात गाडीचा फिल्टर बदलायचा होता आणि विचारायला दुसरं कोणी नव्हतं.

हे वेड कुठून आलं, ते मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. त्यांची मुलगी सई तेव्हा जेमतेम चालायला लागली होती. नुकतीच घेतलेली जुनी गाडी घेऊन तिघं चिरनेरच्या गणपतीला निघाले, आणि ऐन दुपारी, सावलीला एक झाड नाही अशा जागी इंजिन जाम झालं. सोबतचं पाणी संपलं. पोर रडून रडून गप्प झाली, आणि ती गप्प झाली तेव्हा साडू घाबरले. शेवटी एका टेम्पोवाल्याने गाव गाठून दिलं. पुढे साडूंनी हट्टाने तो फिल्टर कापला तर आतला कागद चुरगळून गोळा झालेला, त्याने तेलाची वाटच बंद केलेली. "एवढ्याशा कागदापायी," ते मला म्हणाले होते. त्यानंतर कापाकापी सुरू झाली. सई शेजारी परात धरून बसायची आणि न वापरलेल्या फिल्टरचा घड्यांचा कागद मिळाला की त्याचा पंखा करून खेळायची.

याच सईने मागच्या वर्षी सांगितलं की खारघरच्या कॉलेजातला बरोबरचा एक मुलगा तिला पसंत आहे. मुलगा चांगला, नोकरीला लागलेला, घर गव्हाणचं. सगळे खूश. मग ती हळूच म्हणाली, "त्याच्या बाबांचं पनवेलला दुकान आहे. गाड्यांच्या पार्टचं." तिची आई, म्हणजे माझी मेहुणी, मटकन खाली बसली. हे कमी होतं म्हणून की काय, पुढची माहिती आली की होणारे व्याही स्वतःच्या नावाने, म्हणजे स्वतःच्या दिवंगत आईच्या नावाने, स्वस्तातला ऑइल फिल्टर विकतात. माल कुठूनसा तयार यायचा, खोकं त्यांचं. खोक्यावर नऊवारीतल्या आयचा फोटो. तो साडूंनी अजून कापलेला नव्हता, कारण तो नुकताच बाजारात आला होता.

बोलणी करायला जायचं ठरलं तेव्हा मेहुणीने साडूंना देवासमोर उभं करून शपथ घातली, की तिथे फिल्टर हा शब्द काढायचा नाही. निघताना तिने त्यांचे खिसे तपासले, पिशवी उलटी करून बघितली, कटर कपाटात घालून किल्ली कमरेला लावली. मला सोबत नेलं ते एवढ्यासाठीच की मी त्यांच्या शेजारी बसावं आणि वेळ आली तर त्यांच्या पायावर पाय द्यावा. गाडीत सई एक शब्द बोलली नाही. एरवी तिची बडबड ऐकून कान किटतात, त्यामुळे मला तिची फार काळजी वाटत होती.

गव्हाणला स्वागत दणक्यात झालं. व्याही धिप्पाड, मोकळे, हसले की खुर्ची हलावी असे. भिंतीवर हार घातलेला आयचा फोटो. चहा झाला, पोहे झाले, मुलामुलीचं कौतुक झालं. मी सुटकेचा श्वास सोडणार तोच व्याह्यांनी साडूंच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि त्या नारळावर, मोठ्या मानाने, एक खोकं ठेवलं. "आमचे आयचे नावाचा हाय," ते म्हणाले. "पोरगी सांगत व्हती, तुमाला यातला लय कळतं. बगा, कसा हाय?"

मी साडूंच्या पायावर पाय दिला. त्यांनी खोक्यातून फिल्टर काढला. सवयीने कानाशी नेला, हलवला. रिंग नाकाशी नेली. माझा पाय आणखी जड झाला. मग त्यांनी सईकडे बघितलं, भिंतीवरच्या आयकडे बघितलं, आणि जन्मात पहिल्यांदा न कापता निकाल दिला. "छान आहे," ते म्हणाले. त्यांचे कान लालबुंद झाले होते. मेहुणीने पदराने कपाळ टिपलं. मी पाय उचलला.

आणि सई व्याह्यांना म्हणाली, "काका, बाबांनी न कापता छान म्हटलं ना, म्हणजे ते मनापासून नाही."

मेहुणीने तिला असा चिमटा काढला की मलाच कळ आली. पण पोरगी हलली नाही. "मला या घरात यायचंय," ती म्हणाली, "आणि बाबांनी इथे येऊन दर वेळी असं कान लाल करून बसावं, हे मला नकोय." व्याह्यांनी हातातली बशी खाली ठेवली. मग उठले, घराखाली माल ठेवायच्या गाळ्यात गेले आणि पाइप कापायचं कटर घेऊन आले. मेहुणीने किल्ली कमरेला लावली होती, पण कटर काय जगात एकच असतं?

"मंग कापा," ते म्हणाले. "माज्यासमोर कापा."

साडूंनी कापला. रेघ सरळ आली. डबा उघडला. त्यांनी टोपीवर टिचकी मारली आणि आवाज इतका भद्द आला की मलासुद्धा कळलं, पुठ्ठा. डिंक एका बाजूने सुटलेला. रबरी पडदा वाळल्या सालीसारखा ताठ. "बोला, बोला," व्याही म्हणाले. साडूंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, "शत्रूच्या गाडीला चालेल."

मी डोळे मिटून घेतले. आता शाल आणि नारळ परत करून निघावं लागणार, वाटेत सई रडणार, घरी मेहुणी आठवडाभर चूल पेटवणार नाही, हे सगळं मला दिसायला लागलं. एवढ्यात व्याह्यांचा आवाज आला. ते फोनवर दुकानातल्या माणसाशी बोलत होते. "आयचे फोटूचा माल फळीवरशी खाली उतरव. सगला. एक बी इकू नको." फोन ठेवून त्यांनी तो कापलेला डबा हातात घेतला, आत बोट घालून बघितलं, आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मना कोनी सांगितलंच नाय गं." मग साडूंकडे वळले. "तुमी सांगा, आयचे नावाला कंचा फिल्टर शोभंल?"

त्यानंतर बोलणी अशी उरलीच नाहीत. मुहूर्त, हॉल, जेवण, सगळं बायकांनी परस्पर ठरवलं, कारण हे दोघे गाळ्यात उतरून एकामागून एक फिल्टर कापत बसले होते. मेहुणी सुटकेने इतकी हसत होती की मध्येच तिला रडू आलं. मीसुद्धा दुसऱ्यांदा पोहे मागून घेतले. पहिले कसे लागले होते, काही आठवत नव्हतं. परतताना गव्हाण फाट्यावर साडूंनी विनाकारण गाडी बाजूला घेतली, स्टिअरिंगवर हात ठेवून बसले आणि म्हणाले, "साडूभाऊ, माल टाकाऊ होता. पण घर पक्कं आहे. चालेल." मागच्या सीटवरून सईने त्यांच्या गळ्यात हात टाकले.

लग्न पनवेललाच झालं. आयच्या फोटोच्या खोक्यात तोवर साडूंनी निवडलेला फिल्टर यायला लागला होता, आणि त्यातलाच एक त्यांनी आदल्या दिवशी नवरदेवाच्या गाडीला स्वतः बसवला होता. रिंगला तेलाचं बोट लावून, नुसत्या हाताने आवळून. कोणी पान्याने आवळायला लागला तर ते त्याचा हात धरतात. पाठवणीची वेळ झाली. झेंडूच्या माळांनी गाडी सजली, सई सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली, आणि बाबांच्या पाया पडायला वळली तर बाबा नाहीत. शोधाशोध सुरू झाली. शेवटी व्याह्यांनी मला खूण केली. गाडीच्या पुढच्या बाजूला, माळांच्या खालून, साडूंचे दोन पाय बाहेर आले होते.

ते सरपटत बाहेर आले तेव्हा लग्नाच्या कुडत्यावर खांद्यापासून कोपरापर्यंत काळा पट्टा उठला होता. एरवी मेहुणीने आकाशपाताळ एक केलं असतं. आज तिने नुसती त्यांच्या केसांत अडकलेली झेंडूची पाकळी काढली. साडू सईसमोर उभे राहिले, हात काळे म्हणून तिला जवळही घेता येईना. ती चिरनेरच्या रस्त्यावर गप्प झाली होती, तशीच आत्ताही गप्प झाली होती.

"घट्ट बसलाय गं," ते तिला म्हणाले, "काही होणार नाही." आणि ते काळे हात तसेच बाजूला धरून, सगळ्या वऱ्हाडासमोर, लहान मुलासारखे रडायला लागले.