उजव्या चाकाची तक्रार

गुढीपाडव्यानंतरचा दुसरा रविवार: ट्रकचे पुढचे अंग ट्रामच्या रुळांवर आपटले आणि पत्नीच्या मांडीवरच्या कुंडीला तडा गेला. जबाबदार: ते रूळ ज्याच्या ताब्यात आहेत ते खाते. अक्षय्य तृतीयेनंतरचा रविवार: त्याच ठिकाणी पत्नीचे डोके टपाला लागले. जबाबदार: तेच खाते, आणि रुळांशेजारी रस्ता खोदून तो नुसत्या विटांच्या चुऱ्याने बुजवून निघून गेलेला ठेकेदार. वटपौर्णिमेनंतरचा रविवार: पत्नीने ट्रकमध्ये बसण्यास नकार दिला. जबाबदार: वरील दोघे, एकत्रितपणे आणि स्वतंत्रपणे.

ही यादी माझ्या सातव्या पत्रातून शब्दशः घेतली आहे. वटपौर्णिमा होऊन तेव्हा चारच दिवस झाले होते, हे मात्र मी पत्रात नमूद केले नाही. संबंधित खात्याला त्याचे महत्त्व कळले नसते.

माझी सारी नोकरी एका सरकारी उपक्रमाच्या विधी विभागात झाली. पुण्याहून बदली होऊन कोलकात्यात आलो तो इथलाच झालो. निवृत्तीनंतर कार्यालयाने जुनी वाहने लिलावात काढली, तेव्हा हा छोटा ट्रक मी घेतला. पुढे दोघांपुरती जागा, मागे उघडा हौदा. अट अशी की वाहन जसे आहे तसे, जेथे आहे तेथे. ती अट कित्येक वर्षांपूर्वी मीच मसुद्यात घातलेली असल्याने विक्रेत्याविरुद्ध मला काही म्हणता येत नाही, आणि मी म्हटलेलेही नाही. किलोमीटर दाखवणारे आकडे आजवर दोनदा सगळे नऊ होऊन शून्यावर आले आहेत. दुसऱ्या वेळी मी गाडी कडेला घेतली, दोघांनी वाकून ते शून्य पाहिले आणि पत्नीने पर्समधली आवळासुपारी काढून प्रसंग साजरा केला.

निवृत्त माणसाला ट्रक कशाला, असा प्रश्न आमच्या इमारतीत अनेकांनी विचारला. त्याचे उत्तर गच्चीवर आहे. पत्नीची तिथे बाग आहे, आणि दर रविवारी सकाळी बागबाजाराजवळ जो रोपांचा बाजार भरतो तिथून माती, शेणखत, कुंड्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सांगितलेली रोपे आणायची असतात. जाताना ती माझ्या डावीकडे बसून यादी वाचते, येताना मांडीवर सर्वांत नाजूक रोप धरून बसते. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस आम्ही एकाच घरात असतो. पण ती गच्चीवर आणि मी टेबलाशी. गप्पा अशा खऱ्या त्या ट्रकमध्येच होतात.

म्हणून तिचा नकार मला लागला.

"अहो, माझे मणके काय सरकारी मालमत्ता आहेत का, अशी गाडी चालवायला?" ती म्हणाली. "मी बसने जाईन. तुम्ही मागून माती घेऊन या."

"दोष माझ्या चालवण्याचा नाही. दोष त्या रुळांचा आहे. मी लिहिलंय त्यांना."

"मग त्या पत्रावरच बसून येते," ती म्हणाली आणि पिशवी घेऊन निघाली.

त्यानंतरचे रविवार मी एकट्याने काढले. रिकाम्या आसनावरच्या पट्ट्याची कडी दाराला सारखी वाजत राही. बसने परतलेली पत्नी प्रत्येक वेळी अधिकच टवटवीत दिसे. बसमध्ये तिला एकदा खिडकी मिळाली, एकदा एका बाईंनी अबोलीची कलमे देऊ केली. हे ती मला जिन्यात सांगे, आणि मी खांद्यावर शेणखताचे पोते घेऊन ऐकत असे.

माझा संताप इथे समजून घ्यावा. ज्या मार्गावर आता ट्राम येत नाही, त्या मार्गावर तिचे रूळ रस्त्याच्या वर बोटभर उघडे का असावेत? हे मी सात पत्रांत विचारले. सातव्याला उत्तर आले: नुकसानीचे नेमके स्वरूप कळवावे. मी आठव्या पत्रात ते आकृतीसह कळवले. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात. ट्रामचे रूळ रस्त्याच्या मध्यावर, म्हणजे चालकाच्या उजव्या हाताला असतात. म्हणून आघात पुढच्या उजव्या चाकावर होतो, आणि त्याचा शॉकॲब्सॉर्बर, म्हणजे धक्के पिऊन घेणारा नळकांड्यासारखा भाग, निकामी होतो. "उजव्या" या शब्दाखाली मी रेघ ओढली. इतके निर्दोष पत्र मी नोकरीतही लिहिले नव्हते.

आता राहिला पुरावा. बागबाजारच्या कालव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझ्याच वयाचा एक मिस्त्री आहे. तो माझ्याशी अर्धे हिंदी, अर्धे बंगाली बोलतो. ते मी इथे मराठीत देतो, फक्त 'दादा' आणि 'बौदी', म्हणजे वहिनी, ही त्याची संबोधने तशीच ठेवतो. त्याने ट्रकच्या तोंडावर दोन्ही हात टेकून जोर दिला आणि सोडला. ट्रक तीनदा वरखाली झाला.

"चांगला असता तर एकदा वर येऊन गप्प बसला असता," तो म्हणाला. "दोन्ही शॉकर बदलू."

"बिघडला असेल तोच बदला. उजवा."

"दादा, हे जोडीनंच बदलतात. एक नवा, एक जुना ठेवला तर गाडी एका अंगाला लचकत जाईल."

मी ते मान्य केले, परंतु दोन अटी घातल्या. काढलेले दोन्ही भाग माझ्या ताब्यात द्यावेत, आणि ते काढताना पंचांसमक्ष पंचनामा व्हावा.

मिस्त्री बराच वेळ हसला. "नवाबाच्या काळात तुमच्या मराठा घोडेस्वारांच्या धास्तीनं या गावानं केवढा खंदक खणला, तो इथूनच सुरू व्हायचा. आणि आज एक मराठा येऊन खड्ड्याची तक्रार करतोय!"

"त्या खंदकाची कागदपत्रं असतील तर दाखवा," मी म्हणालो. "तेही पाहून घेऊ."

पंच म्हणून समोरची चहावाली तयार झाली. दुसरी पंच पत्नी. ती येईल असे मला वाटले नव्हते, पण आली, बसनेच आली. स्टुलावर बसून तिने चहा मागवला आणि "हं, करा सुरू," म्हणून चष्मा पुसला.

मिस्त्रीने जॅक लावून ट्रकचे तोंड उचलले, खाली लोखंडी घोड्या दिल्या आणि दोन्ही पुढची चाके काढली. आधी उजवी बाजू. वरचा नट गंजून दांड्याशी एकजीव झाला होता. त्याने तेल सोडले, वाट पाहिली, पाना लावला, पुन्हा तेल सोडले, आणि शेवटी करवतीने तो कापला. हा सगळा वेळ मी मोठ्याने बोलत पंचनामा लिहीत होतो. बाहेर आलेला शॉकर त्याने जमिनीवर उभा धरून दाबला. तो कुरकुरत, सावकाश खाली गेला आणि त्याहून सावकाश वर आला.

"म्हातारा झालाय," मिस्त्री म्हणाला, "पण मेला नाही." आणि का कोण जाणे, माझ्याकडे पाहिले.

मी लिहिले: उजवा, जीर्ण परंतु कार्यरत.

मग डावा. तो हाताला येतानाच काळ्या तेलाने माखलेला होता. खालचे रबर फाटले होते, दांडा चक्क वाकला होता. दाबल्यावर सायकलच्या फुटक्या पंपासारखा धप्प खाली बसला आणि तिथेच राहिला. मी लिहिले: डावा, पूर्णतः निकामी, दांडा वाकलेला, तेल गळून गेलेले. खाली वेळ घातली, सहीसाठी कागद पत्नीपुढे धरला.

तिने तो वाचला. पुन्हा वाचला.

"अहो, तुमच्या पत्रात तर उजवं चाक होतं ना? खाली रेघ मारलेलं?"

मी कागदाकडे पाहिले. मिस्त्रीने डावे चाक उचलून आमच्यापुढे उभे केले. टायरची बाहेरची बाजू घासून तुळतुळीत झाली होती आणि तिच्यावर थर बसला होता रंगाचा. निळा आणि पांढरा.

"दादा," तो अगदी नम्रपणे म्हणाला, "ट्रामच्या रुळाला निळा-पांढरा रंग देतात का हो?"

हा रंग कुठला हे या शहरात कोणाला सांगावे लागत नाही. तो फुटपाथच्या काठाचा होता. आमची गल्ली अरुंद आहे. दुसऱ्या वाहनांना वाट राहावी म्हणून मी ट्रकची डावी दोन चाके रोज संध्याकाळी फुटपाथवर चढवतो आणि सकाळी उतरवतो. वर्षानुवर्षे. मी याला नागरिकाचे सौजन्य समजत होतो. फुटपाथवर लावलेल्या मोटारसायकलींविरुद्ध मी जी पत्रे लिहिली, तीही त्याच ट्रकच्या सावलीत उभा राहून.

"रोज सकाळी धप्प करून उतरवता," पत्नी म्हणाली. "त्या आवाजानं तर मी उठते. मला वाटायचं, तुम्हाला तसंच हवं असतं."

चहावालीने एव्हाना बंगालीत सही करून टाकली होती. पत्नीने पेन हातात घेतले, पण सही केली नाही. मला कबूल केले पाहिजे की त्या क्षणी, "डावा" या शब्दाआधी "उजवा व" एवढे लिहिण्यास कागदावर पुरेशी जागा आहे, हे माझ्या लक्षात आले होते. चाळीस वर्षे मी लोकांना सांगत आलो की पुरावा आपल्या विरुद्ध गेला म्हणून तो पुरावा असण्याचे थांबत नाही.

"जसं आहे तसं राहू दे," मी म्हणालो. "कर सही."

"करते. पण नवे शॉकर बसले तरी फुटपाथ तोच ना? तुम्ही रोज चढवणार, रोज आदळणार, आणि वर्षभरात परत हेच. मग मी कशाला येऊ गाडीत?"

"नाही चढवणार."

"हे तुम्ही मला सांगताय. बाकीच्या जगाला तर तुम्ही लेखी कळवता."

मिस्त्रीने मान डोलावली. "बौदी बरोबर बोलतात, दादा. कागद पाहिजे."

नवी जोडी बसायला फार वेळ लागला नाही. प्रत्येक नळी त्याने उभी धरून पाचसहा वेळा दाबली, आत अडकलेली हवा निघावी म्हणून. नवे रबर, नवे वॉशर. खालचा नट मात्र त्याने अर्धवटच आवळला. ट्रक स्वतःच्या चाकांवर उतरल्यावरच तो पक्का करायचा, म्हणजे रबराला पीळ पडत नाही. मग त्याने ट्रकच्या तोंडावर पुन्हा जोर दिला. ट्रक एकदा वर आला आणि गप्प बसला.

सोमवारी सकाळी आमच्या इमारतीच्या फलकावर माझे नवे पत्र लागले. त्यात जबाबदार व्यक्तींच्या यादीत पहिल्या क्रमांकावर मी होतो. सोबत पंचनाम्याची प्रत आणि लेखी हमी: यापुढे ट्रक कोपऱ्यावरच्या रिकाम्या जागेत, चारही चाके रस्त्यावर ठेवून लावला जाईल. तळमजल्यावरच्या बाईंनी ते दोनदा वाचले आणि आपल्या मुलाची मोटारसायकल फुटपाथवरून काढायला लावली. माझ्या आधीच्या पत्रांनी हे घडले नव्हते. खात्याकडे नववे पत्र गेले: उजव्या चाकाविषयीचे माझे विधान मी मागे घेतो, बाकीची तक्रार कायम आहे.

रविवारी मी किल्ली घेऊन खाली उतरलो तेव्हा पत्नी कोपऱ्यावर, ट्रकच्या डाव्या दाराशी, यादी हातात घेऊन उभी होती.

"चला," ती म्हणाली. "आज बकुळ आणायचीय. आणि सांभाळून."

येताना बकुळीचे रोप तिच्या मांडीवर होते. ट्रक रुळांवरून गेला. आम्ही दोघे किंचित वर गेलो आणि एकदाच खाली आलो. कुंडीतली माती सांडली नाही, पट्ट्याची कडी वाजली नाही. पण रूळ लागले. नवी जोडी, हलका हात, निर्दोष चालक, आणि तरीही लागले.

"लागले ना?" मी विचारले.

"लागले," ती म्हणाली. "लिहा."

म्हणून लिहितो. माझ्या वाट्याचा दोष मी सही करून, साक्षीदारांसह, जाहीरपणे स्वीकारला आहे. आता माझ्या डाव्या चाकाआड कोणालाही लपता येणार नाही. ज्या खात्याच्या ताब्यात ते रूळ आहेत त्याच्या प्रमुखांनी आता माझ्या प्रश्नाचे उत्तर द्यावे. ट्राम येत नाही, तर रूळ बोटभर वर का? उत्तर मला टपालाने नको. ते त्याच रस्त्यावर, लोकांना वाचता येईल असे, सहीनिशी लावावे. आम्ही दर रविवारी तिथून जातो. दोघेही वाचू.